उत्तरेकडच्या परसातली शेती

"ऊन नाही तिथं वांगं नाही. आणि वांगं नाही ती कसली परसबाग?" नानांचं म्हणणं एवढंच आहे. बाई ते मान्य करत नाहीत. "परसबाग म्हणजे वांगंच, असं कुणी ठरवलं? आधी जागा काय देते ते बघू या, नाना."

हा वाद भेस्तानमधला. सुरत-नवसारी रस्त्याला लागून, उधना आणि सचिन यांच्या मधलं हे रेल्वे स्टेशन. शेजारी पांडेसराची औद्योगिक वसाहत. उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे लाईन फुटते आणि त्याच लाईनने खानदेशातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या लूमवर, डाइंग मिलांत कामाला येत राहिली. लिंबायत, उधना, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात मराठी कानावर पडतेच, आणि महापालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यमही आहे. इथली नेहमीची वस्ती म्हणजे रो-हाऊस: भिंतीला भिंत, पुढे ओटा, मागे आठ-दहा फुटांची मोकळी जागा. आजूबाजूला मजले चढत जातात तसं त्या जागेतलं ऊन कमी होत जातं. मग तिथे पिंप, जुनी सायकल आणि मोडका कूलर येऊन बसतो.

नाना आणि बाई ही कुणा ठरावीक माणसांची चित्रं नाहीत. सावलीतल्या जागेविषयी वस्तीत जी दोन मतं निघतात, ती या दोघांच्या तोंडी घातली आहेत. नाना शहाद्याकडच्या शेतकरी घरातले, तरुणपणी लूमवर आलेले, आता निवृत्त. बाई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात. बाईंच्या घराचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे मागची दहा फूट रुंद जागा उत्तरेला. घर दुमजली, कठड्यासकट बावीस फूट उंच.

नानांचा मुद्दा अनुभवातला आहे, त्याला हलक्यात घेऊन चालणार नाही. "मी तिथं वांग्याची रोपं लावून पाहिली आहेत, बाई. गुडघ्याच्या वर गेली, पानं ही एवढी मोठी झाली, फूल आलं आणि गळालं. डिसेंबरात तर बारा वाजतासुद्धा तिथं जमीन ओली असते. भरिताचं वांगं थंडीत येतं आणि थंडीतच तुमच्याकडे ऊन नाही."

या शेवटच्या वाक्यात सगळ्या वादाची किल्ली आहे. खानदेशी माणसाचं भाजीचं वर्ष थंडीत भरतं. भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरिताचं वांगं, काड्यांच्या जाळावर भाजलेलं, शेतावरच्या पंगतीत कळण्याच्या भाकरीबरोबर खायचं, ते याच दिवसांत. मेथी, पालक, पातीचा कांदा, वाटाणा हेही थंडीचेच. भेस्तानच्या उत्तरेकडच्या परसात नेमके तेच महिने अंधारे असतात. म्हणून नानांना ती जागा वांझ वाटते.

बाईंनी शाळेतला भूगोल काढला. सुरत साधारण २१ अंश १० मिनिटं उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. २१-२२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर येतो. अशा वेळी वस्तूची सावली तिच्या उंचीइतकीच पडते. बावीस फुटांचं घर उत्तरेला बावीस फूट सावली टाकतं, मग दहा फुटांच्या जागेला ऊन कुठून मिळणार?

"हेच तर सांगतोय मी," नाना म्हणाले.

"पण तुम्ही डिसेंबरातच थांबलात. पुढे चला ना. २१ मार्चला तीच सावली साडेआठ फुटांवर येते. एप्रिलच्या मध्यावर साडेचार फूट. मेअखेरीस सूर्य अगदी डोक्यावर, सावली शून्य. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत माझी मागची भिंत दुपारी उन्हात असते आणि पुढचा ओटा सावलीत."

हिशेब बरोबर आहे आणि तो कुणालाही करता येतो. बावीस फुटी घरामागच्या दहा फुटी पट्ट्यातून माध्यान्हीचं ऊन १ ऑक्टोबरच्या सुमारास पूर्ण निघून जातं आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पलीकडच्या कडेला परत येतं. मधले साडेपाच महिने तिथे फक्त आभाळाचा उजेड. उरलेले साडेसहा महिने मात्र ती जागा दिवसातले काही तास उन्हाची असते. घर एकमजली असेल तर उन्हाचे महिने वाढतात, मागे तीन मजले उभे राहिले तर घटतात. सावली हा जागेचा कायमचा गुण नाही, तिला वेळापत्रक असतं. बाग लावायची ती त्या वेळापत्रकाला धरून.

नानांनी लगेच कच्चा दुवा पकडला. "जूनच्या मध्याला पाऊस लागतो. म्हणजे तुमचं ऊन येतं तेव्हा आभाळ भरलेलं!"

हे खरं आहे. पण ढगाळ दिवशी शेतालाही थेट ऊन मिळत नाही. उजेड सगळ्या आभाळातून झिरपत येतो, आणि परसाच्या वर आभाळ उघडं असेल तर उघडं शेत आणि परस यांतला फरक कमी होतो. शिवाय एप्रिल, मे आणि अर्धा जून हा सगळा कोरड्या, कडक उन्हाचा काळ. कंद रुजवायला तोच लागतो.

इथून बाईंची बाजू भक्कम होत जाते. मेमध्ये रुजायचं, पावसात पानं पसरायची, ऑक्टोबरनंतर हळूहळू पिवळं पडून थंडीत जमिनीखाली तयार व्हायचं, असं वर्ष जगणाऱ्या पिकांची दक्षिण गुजरातेत रांगच आहे. हळद अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत लावतात, जानेवारी-फेब्रुवारीत काढतात. थंडीत सुरतेच्या बाजारात ओली हळद आणि आंबेहळद येते, ती चकत्या करून लिंबू-मिठात घालतात. आलं त्याच सुमारास लागतं आणि त्याला थोडी सावली मानवते, म्हणून ते नारळ-सुपारीच्या बागांतून आंतरपीक म्हणून घेतलं जातं. सुरण एप्रिल-मेमध्ये लावावा, सात-आठ महिन्यांनी गड्डा तयार. डुमसच्या कंदपुरीत आणि उंधियूत पडणारा जांभळा कंद, म्हणजे आपलं कोनफळ, त्याचं बेणं मे-जूनमध्ये मातीत पडतं आणि कंद उत्तरायणाच्या आसपास खणायला येतो.

"परसाला ऊन नसतं तेव्हा या पिकांना पानांचं काम आटोपतंच घ्यायचं असतं," बाई म्हणाल्या. "ऑक्टोबर-नोव्हेंबरात उजेड कमी पडेल, गड्डा शेतातल्यापेक्षा लहान निघेल, हे मान्य. पण निघेल."

कोनफळाची गोष्ट आणखी सोयीची. त्याचा वेल चढणारा. मुळं सावलीत राहू द्यायची आणि दोरी किंवा बांबू लावून वेल कठड्यापर्यंत न्यायचा. पानं उन्हात, कंद गारव्यात. मायाळूही असाच वर चढतो. सुरतेकडे त्याला पोई म्हणतात, पानांची भजी करतात. अर्ध्या सावलीत त्याचं पान उलट मोठं आणि कोवळं राहतं.

आणि अळू. भेस्तानमधल्या गुजराती शेजारणीच्या घरी पात्रा होतो, मराठी घरी वड्या होतात किंवा चिंच-गूळ घालून फदफदं. ओल आणि उष्णता अळूला हव्याच असतात, सावलीही त्याला चालते. मोरीचं सांडपाणी जिथे जायचं तिथे अळू लावायचं, ही जुन्या घरांची रीत. पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सुरतेच्या दक्षिण भागातल्या खाड्यांच्या कडेला आपसूक उगवलेलं हिरवंगार अळू दिसतं, ते घरात आणू नये. खाडीच्या पाण्यात कारखान्यांचं काय काय मिसळलेलं असेल ते पानाकडे बघून कळत नाही, आणि अळू जमिनीतले जड धातू शोषून घेतं. कंद ओळखीच्या बागेतला घ्यावा, माती चांगली घालावी. साबणाचं पाणीही त्याला नको.

सावलीतल्या लागवडीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, हे नानांना पटवायला बाईंना कोकणात जावं लागलं. कोकणातल्या वाडीत नारळ-सुपारीच्या छायेत मिरी, जायफळ, दालचिनी असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राने हीच मांडणी शास्त्रीय हिशेबाने बसवून 'लाखीबाग' या नावाने शेतकऱ्यांपुढे ठेवली. नागवेल तर मुद्दाम सावली करून वाढवतात, पानमळा त्याचसाठी असतो. उन्हाळ्यात कोथिंबीर उन्हाने करपते, लवकर फुलावर येते, म्हणून महाराष्ट्रातले शेतकरी पैसे खर्चून वर हिरवी जाळी बांधतात. "जी सावली ते विकत घेतात, ती माझ्याकडे फुकट आहे," बाई म्हणाल्या.

नाना यावर गप्प बसले नाहीत, आणि बसायलाही नको होतं. "मग माठ का नाही येत तुमच्या सावलीत? पालेभाजीच आहे ना ती?"

हा प्रश्न या वादातला सगळ्यात चांगला. सावलीत पालेभाज्या येतात असं सरसकट सांगितलं जातं, आणि त्यावर विसंबून पुष्कळ जण माठ, तांदुळजा, राजगिरा फेकून निराश होतात. या भाज्यांची अन्न तयार करण्याची पद्धत मका-उसासारखी आहे. कडक ऊन आणि उष्णता यांत ती पालक-मेथीपेक्षा कितीतरी पुढे जाते, पण मंद उजेडात तिचा फायदा उरत नाही. काडीसारखी रोपं येतात आणि तुरा धरतात. नानांनी हे शेतातल्या निंबाखाली पाहिलं होतं, कारण ठाऊक नव्हतं एवढंच. पालक, मेथी, कोथिंबीर यांना तीन-चार तासांचं ऊन पुरतं. पण त्यांचा हंगाम थंडीचा आणि थंडीत उत्तरेला ऊन नाही, म्हणून त्यांची कुंडी घराच्या पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूला, ओट्यावर हवी. वांगं, टोमॅटो, मिरची, भेंडी, सुरती पापडी यांना सहा-आठ तास लागतात. त्यांना या परसात जागा नाही, आणि इथे नाना पूर्णपणे बरोबर आहेत.

निंबाचा विषय निघाला म्हणून एक भेद सांगायला हवा. भिंतीची सावली वेगळी आणि झाडाची वेगळी. भिंतीच्या सावलीत वर आभाळ उघडं असतं आणि येणाऱ्या उजेडात रोपाला लागणारे सगळे रंग असतात. झाडाखाली पोचणारा उजेड आधी वरच्या पानांतून गाळलेला असतो. तांबडा आणि निळा भाग त्या पानांनीच खाल्लेला असतो, म्हणून खालचं रोप उजेड शोधत नुसतं लांबत जातं. त्यात झाडाची मुळं पाणी ओढतात. सोसायटीतल्या आसोपालवाखाली किंवा बदामाखाली काही येत नाही, तरी भिंतीमागे मात्र येऊ शकतं, त्याचं कारण हे. झाडाखालीच लावायचं असेल तर मुळांशी न झगडता मोठ्या कुंडीत लावावं, आणि खालच्या फांद्या थोड्या छाटून घ्याव्यात. झाड तोडायचा विचार कुणी करू नये. मेच्या दुपारी सुरतेत त्या झाडाखालीच माणूस उभा राहू शकतो.

उजेड वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय चुना आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला बराचसा भाग परत फेकते, मळकी करडी भिंत तो गिळते. दिवाळीत घराच्या पुढच्या बाजूला रंग लागतो आणि मागची भिंत तशीच राहते. ज्यांना परसात काही लावायचं आहे त्यांनी मागची आधी रंगवावी.

कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांचं नाव बाई आदराने घेतात. प्रयोग परिवाराच्या माध्यमातून त्यांनी तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून घराच्या गच्चीवर बाग करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना एक गोष्ट शिकवली: शेती ही मुळात सूर्यप्रकाशाची कापणी आहे आणि पान हे तिचं अवजार. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक. "दाभोळकरांचंच घ्या," नाना म्हणाले, "ऊन कापायचं तर जिथं ऊन आहे तिथं चला. धाब्यावर चला."

धाब्याचा हा मुद्दा वजनदार आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर फळं-भाज्या पिकवून दाखवल्या. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडांनी भरलेल्या पिशव्यांत भाजी घेतली, तीही गच्चीवर. माती कमी आणि चिपाड-पालापाचोळा जास्त, यामागे कारण आहे. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते, आणि जुन्या स्लॅबवर अशा वीस कुंड्या मांडणं धोक्याचं. सुरतेत रसाच्या चिचोड्यांपाशी चिपाडांचे ढीग पडलेले असतात, तेव्हा ही पद्धत भेस्तानला अगदी जमण्यासारखी.

"धाबं घरमालकाचं असतं, नाना. खालच्या भाडेकरूनं काय करायचं?" बाईंनी विचारलं. या वस्तीत हा प्रश्न अनेक घरांचा आहे, आणि त्याला नानांकडे उत्तर नव्हतं.

पण मातीविषयी नानांनी जे सांगितलं ते बाईंनी लिहून घेतलं. सुरतेची माती काळी, चिकण. पाऊस हजार मिलिमीटरच्या वर, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. सावलीत ती माती आठ-आठ दिवस वाळत नाही. "हळद पाण्यात उभी राहिली की कुजली. आलं तर आधीच जातं. वाफा गुडघ्याच्या निम्म्यानं उचला. खाली विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली माती आणि कुजलेलं शेणखत. आणि पाणी रोज घालू नका. बोट घालून बघा, आत ओल असेल तर परत फिरा." कंदकूज हा हळद-आल्याचा खरा शत्रू आहे, उजेडाची कमतरता त्यानंतर. बेणं निवडताना डागाळलेले, मऊ पडलेले तुकडे टाकून द्यावेत आणि लावण्याआधी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळावी.

सावलीत खतही कमीच द्यायचं. जमिनीतून उचललेल्या नायट्रेटचं प्रथिनात रूपांतर करायला पानाला उजेडाची शक्ती लागते. उजेड कमी आणि युरिया जास्त असला की ते नायट्रेट पालकासारख्या भाजीच्या पानात साठून राहतं. पान गडद, टवटवीत दिसतं, पण तसं पान घरात नको. पालेभाजी पहाटेऐवजी दुपारनंतर खुडली तर हे प्रमाण कमी असतं. आणि पांडेसराच्या धुराड्यांच्या इतक्या जवळ राहताना पानावर राख-काजळी बसणारच, तेव्हा जमिनीवरची असो की धाब्यावरची, भाजी दोन-तीन पाण्यांतून काढूनच शिजवावी.

मग नानांनी शेवटचा, आणि बाईंना खरोखर अडवणारा मुद्दा काढला. "डास."

ओल, सावली, दाट पानं: डासांना आणखी काय हवं? १९९४ च्या प्लेगच्या साथीनंतर ज्या शहराने स्वच्छतेचा ध्यास घेतला, त्या शहरात आरोग्य खात्याची माणसं घरोघर येऊन साठलेलं पाणी तपासतात, आणि ते योग्यच आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी झाली तर चक्र तुटतं. बाईंनी थाळ्याच काढून टाकायचं कबूल केलं. पिंपावर घट्ट झाकण, मोडका कूलर भंगारात, पावसाळ्यात चिखलात हात घालताना हातमोजे आणि पायात बूट. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण सापडतात, उंदीर फिरत असलेल्या ओल्या परसात अनवाणी काम करू नये.

एवढं झाल्यावर नानांचं मत बदललं का? वांग्याविषयी नाही, आणि ते बदलायला नकोच. पण त्यांनी शहाद्याकडून हळदीचं बेणं आणायचं मान्य केलं. लावायचं कुठे, तर परसाच्या घरापासून दूरच्या कडेला, कारण ऊन तिथे आधी येतं आणि शेवटी जातं. भिंतीलगतच्या, सगळ्यात अंधाऱ्या दोन-तीन फुटांत अळू आणि पुदिना. कोपऱ्यात कोनफळाचा एक वेल. पानओव्याची कुंडी दाराशी. हळदीच्या दोन रोपांत दीड फूट अंतर, शेतापेक्षा जास्त, म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडात पानंच पानांवर सावली धरणार नाहीत.

हा वाद ऐकून ज्यांना आपल्या मागच्या जागेची आठवण झाली असेल, त्यांनी बेणं आणायची घाई करू नये. आधी महिन्याच्या एकाच तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सावलीची कड जमिनीवर खडूने आखावी आणि वहीत फूट मोजून लिहावी. मार्च, एप्रिल आणि मे या तीन रेघा पुरतात. सूर्य त्याच वाटेने परत फिरतो, तेव्हा पुढच्या महिन्यांचा अंदाज त्यातूनच मिळतो. काही अडलं तर नवसारी कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र सुरतेतच, अठवा फार्मवर आहे, तिथे जाऊन विचारावं. मागच्या भिंतीला चुना मात्र आजच द्यावा.